वैनीची शेगडी विझलेली होती

तार आली तेव्हा मी अकलूजच्या मुलींच्या शाळेत तिसरीच्या वर्गाकडून पाढे म्हणवून घेत होते. पोस्टमन दारात उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, सोलापूरची हाय." तार इंग्रजीत होती, मोजक्या शब्दांची. नीलव्वा वारली, ताबडतोब निघा, एवढाच तिचा अर्थ. कशानं वारली ते लिहिलेलं नव्हतं. ती जागा माझ्या मनानं आपणहून भरली... आग. दुसरं काही माझ्या डोक्यात आलंच नाही. बारा-तेरा वर्षं मी ज्या बातमीची वाट पाहत होते, ती आली होती. मोटारीत बसले तेव्हा शेजारच्या बाईनं विचारलं, "कुणाकडं निघालाय?" मी नुसतं सोलापूर म्हटलं. सोलापूरपर्यंत मी एकाच गोष्टीचा विचार करत होते. वैनीचं तोंड ओळखू येईल का? तिला बसवता येईल का? आमच्यात माणूस गेलं की जाळत नाहीत, बसवून माती देतात. माझ्या भावाला तसं बसवता आलं नव्हतं.

दिवेलागणीच्या सुमाराला पोचले. वैनीला ओसरीवर भिंतीला टेकवून बसवलं होतं. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, पुढ्यात बेलाची पानं. तोंड अगदी धड होतं. भुवया होत्या, पापण्या होत्या. मी खाली वाकून तिचे हात पाहिले, मग पाय पाहिले. आमचा जुना कामगार व्यंकटय्या खांबाशी उभा होता. मी काय शोधते आहे ते त्याला बरोबर कळलं. तो हळू आवाजात म्हणाला, "आग न्हाय, बाई. ताप. चार दिवस ताप होता, बास." लिहायला लाज वाटते, पण खरं तेच लिहिते. त्या क्षणी मला रडू आलं नाही. सुटल्यासारखं वाटलं.

वैनी, म्हणजे नीलव्वा, माझ्या थोरल्या भावाची बायको. माहेर मंद्रूपचं, शेतकऱ्याघरची. भावाला मी अण्णा म्हणायची. अण्णाचा कारखाना शहराबाहेर अक्कलकोटच्या वाटेवर, वस्ती संपते तिथं होता. कारखाना म्हणायचा इतकंच. पत्र्याची एक लांब शेड, एक विहीर, कडुनिंबाचं झाड आणि वीस पावलांवर आमचं तीन खोल्यांचं घर. तिथं राळ आणि जवसाचं तेल यांचं व्हार्निश शिजायचं. मिलच्या मागावर ताण्याचे धागे सुताच्या बारीक फासांतून जातात. ते फास रोज हजारदा वरखाली होतात आणि घासून तुटतात. व्हार्निश चढवलं की ते गुळगुळीत आणि चिवट होतात, कितीतरी दिवस टिकतात. सोलापूरच्या चादरीवर पाठ टेकणाऱ्या माणसाला हे ठाऊक असायचं कारण नाही, पण त्या चादरीच्या विणीमागं कुठल्यातरी डोंगरातल्या झाडाचा चीक असतो.

मी वयाच्या एकोणिसाव्या वर्षी विधवा होऊन अण्णाकडे परत आले तेव्हा मला राळ म्हणजे उदाबरोबर जाळायची वस्तू एवढंच माहीत होतं. अण्णानं मला शेडमध्ये नेऊन एकेक पोतं उघडून दाखवलं होतं. उत्तरेकडून येणारी चिडाच्या झाडाची राळ मधासारख्या रंगाची. हातोडीनं टिचकी मारली की काचेसारखी फुटायची आणि बोटांना चिकटून राहायची. चंद्रस तिच्याहून कठीण, फिकट, महाग. तो सहजी वितळायचा नाही, पण वितळला की त्याच्या व्हार्निशला आरशासारखी चकाकी यायची. झाडाला जखम झाली की ती बुजवायला झाड हा चीक सोडतं, असं अण्णा सांगायचा. लोक थोडी थोडी राळ मागायला यायचे. डबे सांधणारा यायचा, कारण राळ टाकल्याशिवाय कथलाचा डाग नीट बसत नाही. सारंगीवाला गजाच्या केसांना लावायला घेऊन जायचा. मिलमधला माणूस यंत्राचे पट्टे घसरू नयेत म्हणून न्यायचा. जत्रेतले सोंगाडे कुटलेली राळ मूठभर न्यायचे आणि मशालीवर उधळायचे, की माणसाएवढा जाळ भप्पकन उठायचा. पोरं टाळ्या पिटायची. वैनीला मात्र तो जाळ कधी बघवला नाही. आमच्या शेडमध्ये त्याच राळेची पोतीच्या पोती होती, आणि शेजारी टर्पेंटाइनची पिंपं.

राळ शिजवायचं काम मोठ्या हंड्यात चालायचं. आधी राळ वितळवायची, मग तापलेलं तेल धारेनं सोडायचं आणि ढवळत राहायचं. मधूनमधून एक थेंब काचेवर घेऊन बोटानं ओढून बघायचा. दोन बोटांत लांब तार धरली की शिजलं. मग हंडा चाकांच्या गाड्यावरून ओढत विस्तवापासून लांब न्यायचा, निवू द्यायचा, आणि त्यानंतर टर्पेंटाइन मिसळायचं. फेस वर आला आणि हंडा वेळेवर ओढला गेला नाही, तर सगळं उतू जाऊन विस्तवावर पडणार. टर्पेंटाइनची वाफ विस्तवापर्यंत पोचली, तर तेही संपलं. अण्णा हे सगळं शांतपणे करायचा. वैनी दारात उभी राहून बघायची आणि पदराचं टोक चावायची. शिजवणं संपलं की भांडी, पळ्या, फरशी जुन्या कापडानं पुसायची. त्या तेलकट चिंध्या अण्णा स्वतःच्या हातानं बाहेरच्या तारेवर एकेक पसरून टाकायचा. मला वाटायचं, वाळायला टाकतो.

त्या दिवशी सकाळीच काम आटोपलं होतं. चूल विझवून झाली होती. अण्णाला कणकण वाटत होती म्हणून तो घरी येऊन आडवा झाला. दुपारी आमचे चुलते चार पाहुण्यांना घेऊन येणार होते. वैनीनं शेडच्या दारालगतच्या कोपऱ्यात छोट्या शेगडीवर थोडी लाख मऊ करून एका पेटीची फट बुजवली, मग ती स्वयंपाकाला लागली. शेड आवरायचं काम माझ्याकडे आलं. मी झाडून काढलं, पळ्या टांगल्या. चिंध्या जमिनीवरच पडल्या होत्या. पाहुण्यांच्या नजरेला पडू नयेत म्हणून मी त्या गोळा केल्या, वेताच्या टोपलीत दाबून दाबून भरल्या आणि टोपली राळेच्या पोत्यांखालच्या फळीखाली सरकवून दिली. सगळं चकाचक दिसायला लागलं. मला बरं वाटलं. मग मी विहिरीवर धुणं घेऊन गेले.

दोन-अडीच तास गेले असतील. पत्र्यावर कुणीतरी काठ्या मारतंय असा आवाज आला आणि मी मान वर केली. शेडच्या फटींतून काळा धूर निघत होता. वैनी आणि व्यंकटय्या दाराशी पोचले होते. मागून अण्णा धावत आला, अंगात ताप, अंगावर नुसतं धोतर. टर्पेंटाइनच्या पिंपांपर्यंत जाळ पोचला असता तर घर राहिलं नसतं, हे त्याला ठाऊक होतं. तो आत शिरला. एक पीप त्यानं लोळवत बाहेर आणलं, दुसरं आणलं. तिसऱ्या पिंपाबरोबर तो दारापर्यंत आला... तिथून पुढचं मी लिहीत नाही. मी कडुनिंबाजवळ उभी होते, हातात पिळलेलं लुगडं. वैनी ओरडत होती, मला, देवाला, कुणाला ते कळत नव्हतं. लोक धावून आले, वाळू टाकली, मी मात्र तिथंच उभी होते.

अण्णा दवाखान्यात दोन दिवस होता. बोलला नाही. त्या दोन दिवसांत लोक विचारायला यायचे, चूल विझलेली असताना आग लागली कशी? वैनीनं शेगडी पेटवली होती हे सगळ्यांना कळलं होतं. पहिल्या दिवशी वैनी ठामपणे म्हणाली, "शेगडी मी विझवली. वर पाणी ओतलं, हात लावून बघितलं." मी ते माझ्या कानांनी ऐकलं. अण्णाला माती देऊन आल्यावर फौजदार जबाब लिहून घ्यायला आले. चुलते तिथंच बसले होते. फौजदारांनी विचारलं, "आग कशानं लागली असं तुमचं म्हणणं आहे?" वैनीनं नजर जमिनीकडे वळवली. मग म्हणाली, "माझ्याकडूनच शेगडी राहिली असंल. विझवली असं मला वाटलं. राहिली असंल." तिनं अंगठा शाईत बुडवून कागदावर उमटवला. मला वाटलं, दुःखाच्या भरात आधी खोटं बोलली असेल, आता खरं सांगते आहे. मी तिच्यावर रागावले. खूप रागावले. तिच्याशी किती दिवस बोलले नाही ते आज मोजवत नाही.

आमच्या भाऊबंदांत त्या दिवसापासून तिचं नाव बदललं. चुलते तिला 'मनी सुट्टाकी' म्हणायचे. आमच्या घरच्या कानडीत याचा अर्थ, घर जाळणारी. लग्नकार्य, बारसं, कशालाच तिला बोलावणं येईना. विधवा म्हणून मलाही मागच्या खोलीत बसावं लागायचं, पण मला निदान घरात घेत होते. वैनी आली तर बायका चुलीपुढची लाकडं मागं ओढून ठेवायच्या. तिच्यादेखत. एकदा चुलत्यांच्या सुनेनं तिच्या हातातून दिवा काढून घेतला. वैनीनं तो सोडून दिला. परत येताना वाटेत मला म्हणाली, "बरोबर हाय त्यांचं. भीती कुणाला वाटत न्हाय?" तिच्या त्या शांतपणाचीच मला चीड यायची. गुन्हा कबूल केलेलं माणूस गप्पच बसणार, असं मला वाटायचं.

तीन महिन्यांनी तिनं दोन गोष्टी ठरवल्या. शेड पुन्हा उभी करून व्हार्निश शिजवायचं ही एक. दुसरी, मला पुण्याला ट्रेनिंगला पाठवायचं. मी नको म्हटलं तेव्हा ती पहिल्यांदा माझ्यावर आवाज चढवून बोलली. "मादू, तू हितं राहायचं न्हाय. ह्या वासात राहायचं न्हाय. शीक, मास्तरीण हो, लांब कुटंतरी नोकरी धर." एका घरात दोन विधवा नकोत म्हणून मला वाटेला लावते आहे, असं मी समजले. ट्रंक भरताना तिच्याकडे पाहिलंही नाही.

पुढं मी अकलूजला नोकरीला लागले आणि सुट्टीत सोलापूरला यायला लागले. राग हळूहळू निवत गेला, त्याच्या जागी भीती येऊन बसली. माझ्या कुटुंबात आता ती एकटीच होती आणि ती रोज त्या हंड्यासमोर उभी राहत होती. घरून पत्र आलं की मी ते आधी हुंगून बघायची. राळेचा वास आला की बरं वाटायचं, तिनं सकाळी हंडा हाताळलाय, म्हणजे जिवंत आहे. चार दिवस पत्राला उशीर झाला की मला वर्गात फळ्यावरची अक्षरं दिसायची नाहीत. शाळेमागं कुणी पाचट पेटवलं तरी मी वर्गाच्या खिडक्या लावून घ्यायची.

एका दिवाळीच्या सुट्टीत मी तिला शिजवताना पाहिलं. दुपारची वेळ होती. तिनं नेसूचं लुगडं पाण्यात भिजवून, कासोटा घट्ट मारून नेसलं होतं. डोक्याला ओलं पटकूर. व्यंकटय्याला तिनं दाराबाहेर उभं केलं होतं, हातात वाळूची पाटी. मला कडुनिंबाच्याही पलीकडे. ती दर थोड्या वेळानं हंड्याभोवती फिरून यायची, विस्तव बघायची, वाऱ्याची दिशा बघायची, गाड्याच्या चाकाला पाय लावून बघायची, आणि पुन्हा पहिल्यापासून. तेल सोडता सोडता फेस उठला. पिवळा, दाट, बघता बघता काठापर्यंत आला. वैनीच्या तोंडून "शिवा" एवढंच निघालं. तिनं लोखंडी आकडा अडकवला आणि सगळं अंग मागं टाकून हंडा ओढला. गाडा हलला, अडला, पुन्हा हलला. फेसाचा एक ओघळ हंड्यावरून उतरून मागं राहिलेल्या विस्तवाच्या हातभर अलीकडे पडला. मातीवर पडून तो चरचरला, धुमसला, पण पेटला नाही. लुगड्याचा काठ तेवढा करपला. फेस बसेपर्यंत ती पळीनं ढवळत राहिली. मग बाहेर आली, विहिरीच्या कठड्याला धरून वाकली आणि भडाभडा ओकली.

मी तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हटलं, "वैनी, सोड हे. माझ्याकडे अकलूजला चल."

तिनं तोंड धुतलं. म्हणाली, "मला अंजिकि आगतद गं. भीती वाटते. रोज वाटते, पहिल्या दिवसाइतकीच. म्हणून तर इतक्यांदा फिरून बघते."

"मग करतेस कशाला?"

"त्यांना जे येत होतं ते मला येतं. दुसरं काय येतं मला?" ती पुढं म्हणाली, "आणि मी सोडलं तर दुसरा कुणीतरी हे करणार. तो इतक्यांदा बघंल का?"

तीन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात आमच्या शाळेची बाकं आणि कपाटं तेल लावून घ्यायची होती. माळशिरसकडचा एक म्हातारा सुतार आला होता. मी हजेरीचं काम करत व्हरांड्यात बसले होते. तो जवसाचं तेल कापडानं चोळत होता आणि वापरलेलं कापड कोपऱ्यात टाकत होता. दुपारी तो भाकरी खायला गेला. थोड्या वेळानं मला ओळखीचा, कडवट वास आला. वर बघितलं तर कोपऱ्यातल्या ढिगातून धुराची बारीक रेघ निघत होती. जवळपास विस्तव नव्हता. विडी ओढणारं कुणी नव्हतं. कोपरा सावलीत होता. मी ओरडले, सुतार धावत आला आणि त्यानं माठातलं पाणी ढिगावर ओतलं. मी विचारलं, "कुणी पेटवलं हे?"

"कुणी न्हाय, बाई," तो सहज म्हणाला. "जवसाच्या तेलाच्या चिंध्या हायती. पसरून टाकल्या तर काय हुत न्हाय. ढीग करून दाबून ठिवल्या की आतल्या आत तापत्यात आन् आपोआप पेटत्यात. लई येळा बघितलंय. चूक माझीच की."

तो भाकरी खायला परत गेला. मला टोपली दिसत होती. वेताची, एका बाजूनं कड सुटलेली. मी त्यात चिंध्या दाबत होते, गुडघ्यानं दाबत होते, मावाव्यात म्हणून. आणि वर राळेची पोती.

त्या दिवसापासून माझ्या भीतीला दुसरं तोंड फुटलं. आधी मला वैनी जळेल याची भीती होती. आता मला वैनीची भीती वाटायला लागली. तिला सांगितलं पाहिजे हे कळत होतं. तिनं स्वतःला नवऱ्याची मारेकरीण समजून इतकी वर्षं काढली, दारोदार अपमान सोसला, आणि टोपली माझी होती. पण सांगितल्यावर ती माझ्याकडे कशी बघेल, ते मला डोळ्यांसमोर आणवत नव्हतं. कितीतरी सुट्ट्या मी न सांगताच परत आले. परतीच्या मोटारीत दर वेळी स्वतःला शिव्या घालायची.

गेल्या संक्रांतीला मी निश्चय करूनच गेले. ती आमची शेवटची भेट ठरली. हंडा शिजत होता, वैनी दारात उभी होती, व्यंकटय्या आत ढवळत होता. आता तिनं त्याला तेवढं करू द्यायला सुरुवात केली होती. मी तिच्याशेजारी जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, "वैनी, त्या दिवशीच्या आगीचं बोलायचंय. त्या चिंध्या..."

माझं वाक्य पुरं व्हायच्या आत ती आत वळली आणि म्हणाली, "व्यंकटय्या, फेस आला बघ." मीही आत बघितलं. फेस नव्हता. व्यंकटय्यानंही गोंधळून तिच्याकडे बघितलं. ती हंड्यापाशी गेली, पळी त्याच्या हातातून घेतली आणि माझ्याकडे पाठ करून ढवळत राहिली. संध्याकाळी मी पुन्हा तोंड उघडलं तर म्हणाली, "मादू, जुनं उकरू नकोस. तिळाची पोळी गार होतीय, खा." मी खाल्ली. खरं सांगायचं तर तिनं थांबवलं याचं मला बरंच वाटलं. निघताना तिनं माझा हात नेहमीपेक्षा जास्त वेळ धरून ठेवला होता. मला वाटलं, म्हातारी होत चालली आहे.

माती देऊन आल्यावर तिसऱ्या दिवशी मी आणि व्यंकटय्या शेडच्या पायरीवर बसलो होतो. तिला सांगता आलं नाही, निदान एका माणसाला तरी सांगावं म्हणून मी त्याला सगळं सांगितलं. टोपली, फळी, अकलूजचा सुतार. तो ऐकत होता. आश्चर्य वाटल्याचं काही त्याच्या चेहऱ्यावर दिसलं नाही. माझं बोलणं संपल्यावर तो म्हणाला, "अम्माला ठाव हुतं, बाई."

वैनीला तो अम्मा म्हणायचा. मी विचारलं, कसं काय?

"दार उघडलं तवा आमी दोघं पुढं हुतो. धूर फळीखालनं येत हुता, पोत्यांच्या बाजूनं. शेगडी हिकडं, दाराजवळ. मी पाय लावून बघितलं, गार हुती. आत राखेचा चिखल. अम्मानं पण बघितलं. मालक दवाखान्यात असताना अम्मानं मला विचारलं, फळीखाली काय हुतं? मी म्हटलं, चिंध्यांची टोपली हुती, बाईंनी ठिवलेली मी बघितली. तसल्या चिंध्या आपोआप पेटत्यात, मिलमधी एकदा झालं हुतं. अम्मानं दार लोटून घेतलं. मग मला शिवाची आण घातली. म्हणली, हे फौजदाराला सांगायचं न्हाय, कुणालाच सांगायचं न्हाय. मादूच्या कानावर तर मुळीच न्हाय. तिचा नवरा गेला, आता भाऊ गेला, आन् हे कळलं तर ती विहिरीत उडी टाकंल."

वैनीचा अंदाज चुकीचा नव्हता. तेव्हाच्या मला मी ओळखते. विहीर वीस पावलांवर होती आणि मी रोज धुण्याला तिथंच जात होते... त्या वासात राहायचं नाही, असं ती का म्हणाली होती, ते मला इतक्या वर्षांनी, ती गेल्यावर कळलं. व्हार्निशच्या कामात राहिले असते तर चिंध्यांचं मला एक ना एक दिवस कळलंच असतं. म्हणून तिनं मला लांब पाठवलं. शेवटी ते मला अकलूजला, शाळेच्या व्हरांड्यात कळलं. ते मला कळलं आहे, हे संक्रांतीला तिला कळलं. आणि तरी दोघींपैकी कुणी ते बोललं नाही. मी भीतीनं बोलले नाही. ती कशानं बोलली नाही, ते विचारायला आता कुणी नाही.

दहाव्या दिवशी मी चुलत्यांकडे गेले. ते आता थकले आहेत, बाजेवरून उठत नाहीत. सुना, नातवंडं, भाऊबंद, सगळे घरात होते. मी सगळ्यांसमोर सांगितलं. शेगडी विझलेली होती. चिंध्या मी ठेवल्या होत्या. वैनीला ते ठाऊक होतं आणि तिनं माझं नाव घेतलं नाही. शेवटपर्यंत सांगितलं. दिवा काढून घेणारी सून भिंतीकडे तोंड करून रडायला लागली. चुलते आढ्याकडे बघत होते. मग म्हणाले, "तू का सांगितलंस? कुणाला कळलं नसतं." मी म्हटलं, "तेवढ्यासाठीच." आता इथं लिहिते आहे तेही तेवढ्यासाठीच. ज्या घरांत नीलव्वाचं नाव घर जाळणारी म्हणून घेतलं गेलं, त्या घरांत हे छापलेला मासिकाचा अंक जावा, अशी माझी इच्छा आहे.

मिलची मागणी राहिली होती म्हणून गेल्या आठवड्यात व्यंकटय्यानं एक हंडा शिजवला. मी रजा वाढवून घेतली आहे. शेडमध्ये विस्तव असताना इतक्या वर्षांत मी आत पाऊल टाकलं नव्हतं. या वेळी आत उभी राहिले. त्यानं काचेवर थेंब घेऊन मला दाखवला. दोन बोटांत तार लांब आली, तुटली नाही. काम संपल्यावर मी भांडी पुसली आणि चिंध्या हातात घेऊन थबकले. व्यंकटय्या म्हणाला, "तिकडं, बाई." शेडच्या मागं, कधी माझं लक्ष न गेलेल्या जागी, जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेला दगडी रांजण होता, पाण्यानं काठोकाठ भरलेला. शेड पुन्हा उभी राहिली त्याच दिवशी वैनीनं तो पुरून घेतला होता. रोज काम संपलं की सगळ्या चिंध्या ती स्वतः त्यात बुडवायची. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही. एकही तरंगत राहिलेली नाही हे बघितल्याशिवाय घरी जायची नाही.

मी रांजणापाशी बसले. एकेक चिंधी पाण्यात सोडली. त्या लगेच बुडेनात, त्यांच्यातून तेलाचे थेंब वर येऊन पाण्यावर पसरत होते. मी बाह्या सारून दोन्ही हात कोपरापर्यंत आत घातले आणि चिंध्या तळाशी दाबून धरल्या. पाणी खूप गार होतं. चिंध्या कधीच भिजल्या होत्या, व्यंकटय्या दोनदा हाक मारून गेला, तरी मला हात वर काढायचा धीर होईना.